पुणे ते नाशिक विमानाने: अंतर किती, वेळ किती?

(भिवपुरी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे. पुण्याचं लोहगाव विमानतळ आणि नाशिकचं ओझर विमानतळ, या दोघांमध्ये अंतर किती, आणि विमानाला तिथे जायला वेळ किती लागतो? तुम्ही म्हणाल, सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाने हे कशाला सांगायचं? मोबाइलवर दोन सेकंदांत कळतं. कळतं, मान्य आहे. पण मोबाइल एक आकडा सांगतो, वेळापत्रक दुसरा सांगतं, आणि प्रवास केलेला माणूस तिसराच सांगतो. तिघंही खरं बोलतात. मग अंतर म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न उरतोच. आणि तो विचारला नाही तर सरकारचा पैसा चुकीच्या जागी जातो, आपलाही जातो. म्हणून हा विषय.

आणि भिवपुरीत बसून पुणे-नाशिकचं का बोलायचं? त्याचं कारण तुमच्या स्टेशनातूनच जातं. पुणे आणि नाशिक ही दोन्ही शहरं घाटमाथ्यावरची. पण दोघांना जोडणारी थेट रेल्वे नाही. रेल्वेने जायचं तर एक वाट दौंड-मनमाडची, लांबच्या फेऱ्याची. दुसरी वाट म्हणजे लोणावळ्याहून बोरघाट उतरायचा, कर्जतला यायचं, भिवपुरी-नेरळवरून कल्याण गाठायचं, आणि तिथून कसाऱ्याचा घाट चढून पुन्हा वर जायचं. पुणे मुंबईपासून रेल्वेने १९२ किलोमीटर, नाशिक रोड सुमारे १८८, आणि कल्याण ५४. बेरीज-वजाबाकी करा. पुणे ते नाशिक रोड ही वाट सुमारे २७० किलोमीटरची होते. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या एका खोलीतून शेजारच्या खोलीत जायला आपण जिना उतरून अंगणात येतो आणि दुसऱ्या जिन्याने वर जातो. ते अंगण म्हणजे तुमचं कर्जत.

आता विमानाला जिना लागत नाही. ते सरळ जातं. सरळ म्हणजे किती, ते आधी मोजू. पुढच्या दोन मिनिटांत प्रत्येकाला हे स्वतः मोजता येईल, घरी नातवालाही शिकवता येईल.

अंतर कसं मोजायचं

पुणे विमानतळाचा अक्षांश १८ अंश ३५ मिनिटं उत्तर. ओझरचा २० अंश ७ मिनिटं उत्तर. आता रेखांश बघा, गंमत तिथे आहे. पुण्याचा ७३ अंश ५५ मिनिटं पूर्व, आणि ओझरचाही जवळजवळ ७३ अंश ५५ मिनिटंच. म्हणजे ओझर हे लोहगावच्या बरोब्बर उत्तरेला आहे. होकायंत्र हातात धरून नाक उत्तरेला केलं आणि न वळता चालत राहिलात तर ओझरला पोचाल. त्यामुळे आपलं गणित सोपं झालं. फक्त अक्षांशांची वजाबाकी करायची. २० अंश ७ मिनिटं वजा १८ अंश ३५ मिनिटं, म्हणजे १ अंश ३२ मिनिटं. एका अंशात साठ मिनिटं, म्हणून एकूण ९२ मिनिटं.

ही घड्याळातली मिनिटं नव्हेत, कोनाची मिनिटं. पण दर्यावर्दी लोकांनी फार शहाणपणा केला. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर जेवढं अंतर पडतं, त्यालाच त्यांनी एक सागरी मैल म्हटलं. तो १.८५२ किलोमीटरचा. म्हणजे मधलं अंतर ९२ मिनिटं, म्हणून ९२ सागरी मैल. गुणाकार केला की साधारण १७० किलोमीटर. झालं मोजून! ताशी एक सागरी मैल या वेगाला नॉट म्हणतात, आणि विमानवाले आजही याच मापात बोलतात.

दोन गावं अशी एकाखाली एक नसतील तर? मुंबई-पुणे घेऊ. तिथे उत्तर-दक्षिण फरक आहे सुमारे ५६ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ११० किलोमीटर. पूर्व-पश्चिम मोजताना एक काळजी घ्यायची. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ-जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा नसतो, साधारण १०५ चा असतो. मग काटकोन त्रिकोण काढायचा, पायथागोरसचा नियम लावायचा. कर्ण येतो सुमारे १२४ किलोमीटर. हा कर्ण नकाशावर आखलात तर तो कर्जतच्या थोडा दक्षिणेकडून जातो. मुंबईच्या विमानतळापासून पुण्याच्या विमानतळापर्यंतची सरळ रेषा, आणि तिच्या जवळजवळ मध्यावर तुमचा तालुका.

इथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारेल, पृथ्वी गोल आहे, मग ही रेषा सरळ कशी? बरोबर प्रश्न आहे. ती सरळ नाहीच, कमानीसारखी आहे. खरीखुरी सरळ रेषा हवी तर लोहगावहून ओझरपर्यंत जमिनीतून बोगदा खणावा लागेल, आणि मध्यावर तो जमिनीखाली सुमारे साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर खोल असेल. एवढं खणून वाचणार किती? जेमतेम पाच मीटर. १७० किलोमीटरमध्ये पाच मीटर! त्यामुळे तो वाद इथेच सोडू. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. सरळ अंतर असं जे आपण म्हणतो, त्यातसुद्धा कोणत्या वाटेने सरळ, हे गृहीत धरलेलं असतं. वाट न सांगता अंतर सांगता येत नाही.

रस्त्याची वाट वेगळी. चाकण, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा पुणे-नाशिक रस्ता सुमारे २१० किलोमीटर आहे. संगमनेरला तो आपल्या सरळ रेषेच्या पूर्वेला तीसेक किलोमीटर सरकलेला असतो, कारण मध्ये डोंगररांग आहे आणि गावंही तिकडे आहेत. म्हणजे हवेतून १७०, रस्त्याने २१०, तुमच्या दारावरून रेल्वेने २७०. तिन्ही आकडे खरे.

वीस मिनिटांचं उड्डाण आणि तासाचं वेळापत्रक

आता वेळ. या मार्गावर एटीआर ७२ जातीची, दोन पंख्यांची विमानं उडालेली आहेत. हे विमान उंचीवर स्थिरावलं की साधारण २७५ नॉट वेगाने जातं, म्हणजे ताशी सुमारे ५०० किलोमीटर. ९२ ला २७५ ने भागा. वीस मिनिटं! एवढ्या वेळात कर्जतच्या फलाटावर वडापाव खाऊन चहाही होत नाही, गर्दी असेल तर. (हशा)

पण वेळापत्रकात अशा उड्डाणाला पाऊण तास ते एक तास दिलेला असतो. हा जादा वेळ कुठे गेला? कंपनी आपल्याला फसवते आहे का? नाही. एक एक पायरी बघू.

पहिली पायरी जमिनीवरची. वेळापत्रकातला निघायचा वेळ हा चाकं जमीन सोडण्याचा वेळ नसतो. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागेवरून हललं, तो निघायचा वेळ. आणि पलीकडे जाऊन पुन्हा ठोकळे लागले, तो पोचायचा वेळ. या पूर्ण अवधीला ब्लॉक टाइम म्हणतात. यात धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणं आलं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं आलं. लोहगाव तर मुळात हवाई दलाचा तळ आहे. लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर प्रवासी विमानाला थांबावंच लागतं. ओझरची धावपट्टी हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्याची, जिथे मिग विमानं तयार झाली. म्हणजे दोन्हीकडे प्रवासी हा पाहुणा. निघताना दहा मिनिटं आणि पोचल्यावर पाच मिनिटं धरायला हरकत नाही.

दुसरी पायरी धावपट्टीच्या दिशेची. धावपट्टीला आकडे असतात. होकायंत्रावरची दिशा घ्यायची आणि शेवटचं शून्य काढून टाकायचं. ९० अंश म्हणजे पूर्व, म्हणून ०९. २७० म्हणजे पश्चिम, म्हणून २७. ओझरची धावपट्टी आहे ०९-२७. पुण्याची १०-२८. म्हणजे दोन्ही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम, आणि जायचंय मात्र थेट उत्तरेला! विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा पुण्याहून पश्चिमेला तोंड करून उडायचं, मग काटकोनात उजवीकडे वळून उत्तरेला जायचं. ओझरजवळ पोचल्यावर पुन्हा पश्चिमेला तोंड हवं, म्हणून आधी पूर्वेच्या बाजूला जाऊन, वळून, धावपट्टीच्या रेषेत यायचं. या वळणांत चार-पाच मिनिटं जातात. नकाशावरच्या रेषेला तोंड नसतं, विमानाला असतं.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. २७५ नॉट हा वेग कधीचा? वर पोचून स्थिर झाल्यावरचा. दोन्ही विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर, म्हणजे विमानाच्या भाषेत दोन हजार फुटांच्या आसपास. समजा चौदा हजार फुटांवर जायचं आहे. म्हणजे बारा हजार फूट चढ. मिनिटाला अकराशे फूट या हिशेबाने अकरा मिनिटं लागतात, आणि चढताना वेग कमी असल्यामुळे त्या वेळात सुमारे तीस सागरी मैल कापले जातात. उतरताना वैमानिकांचा एक ठोकताळा असतो, दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल. बारा हजार फुटांना छत्तीस मैल. तीस आणि छत्तीस मिळून सहासष्ट. एकूण अंतर ब्याण्णव. मग वर स्थिर उडायला उरले किती? सव्वीस मैल. सहा मिनिटं!

म्हणजे ज्या वेगाच्या जोरावर आपण वीस मिनिटं असं म्हणालो, तो वेग पूर्ण प्रवासात जेमतेम सहा मिनिटं मिळतो. चढण अकरा, स्थिर सहा, उतरण बारा, वळणं पाच, जमिनीवर पंधरा. बेरीज एकोणपन्नास मिनिटं. यात गर्दीसाठी थोडी मोकळीक ठेवली की वेळापत्रकातला आकडा आला. मुंबई-पुण्याचं अंतर तर फक्त ६७ सागरी मैल. तिथे चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते. स्थिर उड्डाण जवळजवळ नाहीच.

भागाकार चुकला नव्हता. अंतर भागिले वेग बरोबर वेळ, हे सूत्र वेग सारखा असेल तेव्हाचं. शाळेच्या पुस्तकातली आगगाडी कधी स्टेशनवर थांबत नाही, म्हणून तिथे ते चालतं. आपल्या गाड्या थांबतात.

दारापासून दारापर्यंत

हा झाला विमानाचा वेळ. माणसाचा वेळ अजून सुरूच व्हायचा आहे. विमानतळावर कोणी राहत नाही. समजा शिवाजीनगरहून नाशिकच्या जुन्या सीबीएसपर्यंत जायचंय. घरातून लोहगावला पोचायला पाऊण तास. उड्डाणाच्या आधी सव्वा तास हजर राहणं, सामान, तपासणी, रांग. विमान पन्नास मिनिटं. उतरून बाहेर पडायला वीस. ओझर शहरापासून वीसेक किलोमीटर, तिथून गाडी मिळवून गावात यायला चाळीस मिनिटं. एकूण तीन तास पन्नास मिनिटं. रस्त्याने २१० किलोमीटर, ताशी पन्नासच्या सरासरीने सव्वाचार तास. वाचली पंचवीस मिनिटं. आणि विमान दिवसाला एकच असेल, आपलं काम दुपारी असेल, तर तीही गेली.

आता याचं साधं सूत्र बांधू. विमानप्रवासाच्या वेळाचे दोन भाग असतात. एक भाग अंतर कितीही असो, तेवढाच राहतो. घर ते विमानतळ, रांगा, चढण-उतरणीत जाणारा जादा वेळ, विमानतळ ते गाव. आपल्या हिशेबात तो साडेतीन तासांचा आहे. दुसरा भाग अंतराबरोबर वाढतो, पण फार हळू. शंभर किलोमीटरला बारा मिनिटं. रस्त्याचं उलट आहे. दारात गाडीत बसलो की सुरू, ठरीव भाग जवळजवळ नाही. पण सरळ अंतराच्या दर शंभर किलोमीटरला, वळणं धरून, अडीच तास लागतात. हे दोन्ही बरोबरीत कुठे येतात? हिशेब करा. सुमारे दीडशे किलोमीटरला.

हा दीडशेचा आकडा काही वेदवाक्य नाही. रस्ता सुधारला तर तो वर जाईल, विमानतळावरच्या रांगा घटल्या तर खाली येईल. पण त्यातून चित्र स्पष्ट दिसतं. मुंबई-पुणे १२४ किलोमीटर, विमान हरलं. पुणे-नाशिक १७०, विमान काठावर पास. मुंबई-कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे ३०८, तिथे रस्त्याला साडेसात तास आणि विमानाने चार, विमान चांगलं जिंकलं. मुंबई-नागपूर सुमारे ६८०, तिथे स्पर्धाच नाही. म्हणून अमुक गावाला विमानतळ हवं की नको, हा प्रश्न अर्धवट आहे. त्या विमानतळावरून कुठे जायचं, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. ओझरहून पुण्याला जाणं आणि ओझरहून दिल्लीला जाणं, यांची धावपट्टी एकच, पण उपयोगात जमीन-अस्मानाचा फरक.

वैशेषिकांचं परत्व

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो. घाबरू नका, दहा मिनिटांत परत आणतो.

आपल्याकडे वैशेषिक दर्शन नावाची विचारपरंपरा आहे, कणादांची. जगात जे जे आहे त्याची त्यांनी यादी केली. त्यांच्या गुणांच्या यादीत परिमाण आहे, म्हणजे वस्तूचं लहान-मोठेपण. आणि त्याहून वेगळे दोन गुण आहेत, परत्व आणि अपरत्व. परत्व म्हणजे लांबपण, अपरत्व म्हणजे जवळपण. हे दोन प्रकारचे. जागेमुळे येणारं आणि काळामुळे येणारं. ओझर लोहगावपासून लांब, हे जागेचं परत्व. आजोबा नातवापेक्षा मोठे, हे काळाचं परत्व.

मला यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. लांबपण कशामुळे कळतं, याचं प्रशस्तपादांच्या भाष्याच्या परंपरेतलं उत्तर असं की, पाहणारा आणि वस्तू यांच्यामध्ये जितके संयोग जास्त, तितकी वस्तू लांब. संयोग म्हणजे एकाला एक लागून असलेल्या गोष्टींचे सांधे. मधले सांधे जास्त, तर परत्व. कमी, तर अपरत्व. आणि हे नेहमी कोणाच्या तरी अपेक्षेने, कुठून तरी पाहिलेलं. पाहणारा काढून टाका, लांब-जवळ राहत नाही. पश्चिमेत लायब्निझ पुढे साधारण याच अंगाने म्हणाला की, अवकाश म्हणजे रिकामं खोकं नव्हे, वस्तूंमधल्या संबंधांची ती व्यवस्था आहे. न्यूटनच्या बाजूने क्लार्क त्याच्याशी १७१५-१६ मध्ये पत्रांतून भांडला. तो वाद मोठा आहे, आज नको.

वैशेषिक काही लोकल बदलण्याबद्दल बोलत नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण त्यांची कल्पना प्रवासाला लावून बघा, चपखल बसते. प्रवाशाला लांबपण किलोमीटरमध्ये जाणवत नाही, सांध्यांमध्ये जाणवतं. घर ते रिक्षा, रिक्षा ते फलाट, लोकल ते दुसरी लोकल, जिना, तपासणी, रांग. प्रत्येक सांध्यावर वेळ सांडतो, आणि एक सांधा चुकला की पुढचे सगळे चुकतात.

याचा सर्वांत चांगला दाखला तुमच्याच भागातला आहे. १८५६ मध्ये मुंबईकडून रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली. मधला घाट मात्र बाकी होता. मग मुंबईहून पुण्याला जाणारा उतारू खोपोलीला गाडीतून उतरायचा, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचा, आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचा. दोन्ही बाजूंना त्या काळातलं सर्वांत वेगवान वाहन, आणि मध्ये पालखी. पाच वर्षं असं चाललं. १८६३ मध्ये बोरघाटातली रेल्वे पुरी झाली आणि तो सांधा निघाला. इंजिनाचा वेग त्या दिवशी काही वाढला नव्हता. उलट घाटात गाडी धिमी झाली. आजही कर्जतला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, इतका चढ आहे. तरी मुंबई-पुणे जवळ आलं, कारण सांधे कमी झाले.

भिवपुरीपासून विमानतळ किती लांब?

आता तुमच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. इथून ते किती लांब? मघाचीच रीत वापरा. भिवपुरी स्टेशनचा अक्षांश आणि त्या विमानतळाचा अक्षांश जवळजवळ सारखे आहेत. म्हणजे विमानतळ थेट तुमच्या पश्चिमेला. रेखांशात सुमारे पाव अंशाचा फरक. सरळ रेषेत सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. एवढं जवळ!

पण ती रेषा जाते कुठून? माथेरानच्या डोंगरावरून. सुमारे आठशे मीटर उंचीची ती भिंत मध्ये उभी आहे. म्हणून आधी कर्जतला उतरायचं, चौकवरून वळसा घालून पनवेलला यायचं. चाळीसहून जास्त किलोमीटर, आणि वेळ चौकाच्या वाहतुकीवर. लोकलने जायचं तर ठाण्याकडून उलटा फेरा.

म्हणून पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाला मी विमानतळाइतकंच महत्त्व देतो. सुमारे तीस किलोमीटरचा हा मार्ग, त्यावर तीन बोगदे, आणि वावर्ल्याचा बोगदा अडीच किलोमीटरहून लांब. डोंगर तिथेच आहे, नकाशावरची रेषा तेवढीच आहे. पण कर्जतच्या मुलीला पनवेलच्या पलीकडे नोकरीला जायचं असेल, किंवा म्हाताऱ्या आईला घेऊन विमान पकडायचं असेल, तर तिचं अंतर त्या बोगद्याने ठरेल. विमानाच्या वेगाने नाही.

पैशाचा प्रश्न

शेवटी पैशाबद्दल बोलतो, कारण तिथे या सगळ्याचा कस लागतो.

लहान शहरं विमानाने जोडावीत म्हणून केंद्राने उडान योजना आणली. पहिली उड्डाणं २७ एप्रिल २०१७ ला झाली, त्यात आपलं नांदेडही होतं. योजनेची कल्पना अशी की, सुमारे पाचशे किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांचं भाडं अडीच हजारांच्या आत ठेवायचं, आणि कंपनीला जो तोटा येईल तो तीन वर्षं सरकारने भरून द्यायचा. हेतू चांगला, याबद्दल शंका नको. त्याच योजनेत २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनने एकोणीस आसनांच्या विमानांनी नाशिक आणि जळगाव जोडलं. २०२० च्या एप्रिलात, कोविडच्या दिवसांत, त्या कंपनीने काम थांबवलं.

हा एकट्या नाशिकचा अनुभव नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये या योजनेवर अहवाल दिला. त्यांनी तपासलेल्या टप्प्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले होते. त्यांतले ३७१ सुरू झाले. तीन वर्षांची मुदत पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि मदत संपल्यावरही, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिले फक्त ५४. याची कारणं अनेक आहेत. विमानतळ वेळेत तयार न होणं, विमानं नसणं, कंपन्या बुडणं, महामारी. सगळं खापर कमी अंतरावर फोडणं बरोबर नाही. पण जिथे विमानाने पंचवीस मिनिटं वाचतात, तिथे मदत संपल्यावर प्रवासी स्वतःच्या खिशातून का भरेल, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. तो विचारायला कागद, पेन्सिल आणि मघाचं सूत्र एवढंच लागतं.

म्हणून उद्या कुठल्याही सभेत कोणी सांगितलं की, अमुक शहर आता वीस मिनिटांवर येणार, तर टाळी वाजवण्याआधी तीन गोष्टी विचारा. वीस मिनिटं कुठून कुठपर्यंत? दिवसाला फेऱ्या किती? आणि माझ्या दारापासून तिथपर्यंत सांधे किती?

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सर, वाऱ्यामुळे उड्डाणाच्या वेळात फरक पडतो ना?

पडतो. पण लांबच्या पूर्व-पश्चिम उड्डाणात जास्त. पुणे-नाशिक उत्तर-दक्षिण आहे आणि वारा बहुतेक आडवा लागतो. नाक थोडं वाऱ्याकडे वळवून वैमानिक ते सांभाळतो. मिनिट-दोन मिनिटांचा फरक.

प्रश्न: मग लहान विमानतळ बांधूच नयेत का?

तसं मी म्हटलेलं नाही. दूरच्या शहरांना थेट विमान असेल तर लहान विमानतळ फार उपयोगी. ओझरहून दिल्ली किंवा बंगळूरूला जाणारा माणूस मुंबईला येण्याचे सगळे सांधे वाचवतो. आणि पुणे-नाशिक विमानसुद्धा, पुढचं विमान लोहगावलाच पकडायचं असेल, तर कामाचं ठरतं. कारण शहरात जाण्या-येण्याचा वेळ हिशेबातून निघून जातो. विमानतळ कोणासाठी, हे ठरवून बांधा, एवढंच म्हणणं आहे.

प्रश्न: विमानं रोज आमच्या डोक्यावरून जातात. आम्हाला त्याचा काय उपयोग?

तुम्ही त्या रेषेच्या मध्यावर आहात, आणि मध्यावरच्या माणसाला रेषेचा उपयोग नसतो, टोकाचा असतो. तुमचं टोक आता पनवेलजवळ आलंय. तिथपर्यंतची लोकल किती वेळाने आहे, पहाटेची आणि रात्री उशिराची आहे का, हे मागून घ्या. पहाटे सहाच्या विमानाला कर्जतहून पोचता आलं, तर विमानतळ तुमच्या जवळ आहे असं मी म्हणेन. नाहीतर ते सत्तावीस किलोमीटरवर आहे, एवढंच.